मॉन्सँटो कंपनीचा इतिहास व कापूस पिकविणाऱ्यांनीं त्यापासून घ्यावयाचा धडा

बियाणें हें शेतीचें पहिलें भांडवल होय. जमीन, खत व मेहनत सारखीं असतांहि एकाचें पीक साधतें व दुसऱ्याचें बुडतें, याचें कारण पुष्कळदां बियाण्यांतच सांपडतें. असें असून, आपण पेरतों तें बियाणें कोणीं व कोणत्या हेतूनें तयार केलें आणि त्याचा गुण किती दिवस टिकेल, याचा विचार फार थोडे शेतकरी करितात. म्हणून, जिच्या विद्येचा अंश आपल्या बहुतेक कापसाच्या शेतांत आला आहे, त्या मॉन्सँटो कंपनीची हकीकत येथें देत आहों.

रसायनांचा धंदा

ही कंपनी इ. स. १९०१ सालीं अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत सेंट लुई शहरीं जॉन फ्रान्सिस क्वीनी या गृहस्थानें काढिली व तिला आपल्या पत्नीच्या माहेरचें आडनांव दिलें. तिचा पहिला माल सॅकरिन, म्हणजे साखरेऐवजीं वापरावयाचा कृत्रिम गोड पदार्थ. पुढें धंदा वाढत गेला. १९३५ पासून विजेच्या ट्रान्सफॉर्मरांत वापरावयाचीं पीसीबी नांवाचीं द्रव्यें ती करूं लागली. हीं द्रव्यें माती-पाण्यांत वर्षानुवर्षें नासत नाहींत. अलाबामा संस्थानांतील ॲनिस्टन गांवीं त्यांनीं ओढे व जमिनी दूषित केल्या, आणि २००३ सालीं त्याबद्दल सुमारें ७० कोटि डॉलरांची तडजोड झाली. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन सैन्यानें रानें उजाड करण्यासाठीं जें ‘एजंट ऑरेंज’ फवारलें, तें पुरविणाऱ्या अनेक कंपन्यांपैकीं ही एक होती.

तणनाशकाकडून बियाण्याकडे

१९७० सालीं कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रान्झ यांनीं ग्लायफोसेट या द्रव्याचा तणनाशक गुण शोधून काढिला; १९७४ पासून तें ‘राउंडअप’ या नांवानें विकूं लागले. तें तणाबरोबर पिकासहि मारी, म्हणून उभ्या पिकांत फवारतां येत नसे. ही अडचण कंपनीनें बियाणें बदलून दूर केली. १९९६ सालीं हें औषध सोसणारें सोयाबीन अमेरिकेंत बाजारांत आलें. एकाच दुकानाचें बियाणें व औषध, अशी जोडी यामुळें जमली.

पुढें कंपनीनें मोठमोठ्या बियाणें-कंपन्या विकत घेतल्या. २००७ सालीं घेतलेली डेल्टा अँड पाइन लँड ही कापसाच्या बियाण्याची कंपनी त्यांपैकींच. बियाण्यावर पेटंट असल्यानें विकत घेतलेल्या दाण्यापासून आलेला दाणा पुन्हां पेरण्यास अमेरिकन शेतकऱ्यास मनाई झाली. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं इंडियाना संस्थानांतील एका शेतकऱ्याच्या खटल्यांत कंपनीच्याच बाजूनें निकाल दिला. दुसरीकडे, एकाच औषधाचा मारा वर्षानुवर्षें झाल्यानें त्यास न जुमानणारीं तणें निपजलीं. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ग्लायफोसेट हें ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविलें. अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्यास तें मत मान्य झालें नाहीं. तरी कज्जे पुष्कळ झाले. २०१८ सालीं जर्मनीच्या बायर कंपनीनें मॉन्सँटो विकत घेतली व तिचें नांवहि बंद केलें.

आपल्या देशांतील प्रवेश

जालना येथें बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं स्थापिलेल्या महिको कंपनींत मॉन्सँटोनें १९९८ सालीं २६ टक्के भाग घेतला. जमिनींत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या सूक्ष्म जंतूचा एक जनुक कापसांत घातला म्हणजे तें झाडच बोंडअळीस विषारी होतें. अशा ‘बीटी’ कापसाच्या तीन संकरित वाणांस भारत सरकारच्या समितीनें मार्च २००२ मध्यें परवानगी दिली.

लाभ झाला हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. हिरव्या बोंडअळीवरील फवारे कमी झाले. देशांत २००२-०३ सालीं १३६ लाख गांठी कापूस झाला होता, तो २०१३-१४ सालीं ३९८ लाखांवर गेला. हेक्टरी रुईचें उत्पन्न सुमारें ३०० किलोंवरून २००७-०८ पर्यंत ५५० किलोंवर पोंचलें; मात्र तेथून पुढें मोठीशी वाढ झाली नाहीं. शिवाय या वाढीस वाढलेला पेरा, पाणी व खतें हींहि कारण होतीं. उलट, विदर्भांतील आत्महत्यांचें सर्व खापर कोणी या बियाण्यावर फोडतात, तेंहि बरोबर नाहीं. हें बियाणें येण्यापूर्वींच त्या वाढूं लागल्या होत्या. कोरडवाहू जमीन, कर्ज व पडते भाव हीं कारणें जुनींच आहेत.

किंमतीची बाब मात्र ध्यानांत घेण्याजोगी आहे. आरंभीं ४५० ग्रॅमचें पाकीट सुमारें सोळाशें रुपयांस पडे व त्यांतील मोठा भाग जनुकाच्या हक्कापोटीं जाई. २००६ सालीं आंध्र सरकारनें दाद मागितल्यावर भाव निम्म्याहून खालीं आला. २०१६ सालीं केंद्र सरकारनें दोन जनुकांच्या बियाण्याचा कमाल भाव ८०० रुपये व त्यांतील हक्काची रक्कम ४९ रुपये ठरविली.

गुण कां ओसरला ?

एकच विष सतत खावयास मिळालें म्हणजे त्यांतून वांचणाऱ्या थोड्या किडींचीच प्रजा वाढते. हें टळावें म्हणून पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधें बियाणें शेताच्या कडेनें पेरण्यास दिलें जाई. त्यावर वाढलेल्या साध्या किडींशीं संकर होऊन विष पचविणारी जात मागें पडावी, हा हेतु. पुष्कळांनीं तें बियाणें फेकून दिलें. शिवाय आपले संकरित वाण लांब मुदतीचे. त्यांत फरदड घेण्याची चाल. शेंदरी बोंडअळीस महिनेच्या महिने अन्न मिळालें. २०१० सालीं गुजराथेंत पहिल्या जनुकाचा पराभव जाहीर झाला, व २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत दोन जनुकांच्या कापसाचेंहि अतोनात नुकसान झालें. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत औषधें फवारतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व मजूर दगावले.

याउलट अमेरिकेंत हाच बीटी कापूस, वांझ पतंग सोडणें व शेतकऱ्यांची एकजूट यांच्या बळावर २०१८ सालीं शेंदरी अळीचें निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. विद्या एकच, वापरण्याची शिस्त निराळी.

आपण काय करावें ?

१. कापूस डिसेंबरअखेर संपवावा. फरदड घेऊं नये. पऱ्हाट्या शेतांत वा बांधावर रचून ठेवूं नयेत.

२. हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावावे. सतत तीन रात्रीं सापळ्यास आठांहून अधिक पतंग सांपडल्यास उपाय योजावा. डोमकळ्या दिसतांच तोडून नष्ट कराव्या.

३. कमी मुदतीचा वाण निवडावा. सरळ वाणाचें बी घरीं राखण्याचा हक्क आपणांस २००१ च्या कायद्यानें आहे. संकरिताचें बी मात्र दुसऱ्या वर्षीं फुटून जातें.

४. पक्की पावती व रिकामें पाकीट पीक निघेपर्यंत जपावें. बिनपरवाना तणनाशक-सहनशील बियाणें चोरून घेणाऱ्यास फसगत झाल्यास दाद मिळत नाहीं.

५. फवारणी वाऱ्याच्या दिशेनें, तोंड व अंग झांकून करावी. मजुरासहि तीं साधनें मालकानेंच द्यावीं.

हीं कामें एकट्या शेतकऱ्यानें करून भागत नाहीं, कारण पतंग कोणाचा बांध ओळखीत नाहीं. गांवांतील सर्व कापूसवाल्यांनीं एकाच पंधरवड्यांत शेतें मोकळीं केलीं, तरच पुढील हंगाम निभावेल. कंपन्या येतील व नांवें बदलून जातील. जमीन आपली आहे, व तिची राखणहि आपणांसच करावयाची आहे.