शब्दांची पेरणी

१९५४ सालच्या उन्हाळ्यात भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्यातच मोडत असे. या मतदारसंघातून दोन सभासद निवडावयाचे होते. त्यांपैकी एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. त्या जागेच्या उमेदवारांत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होते. त्यांचे वय ६३ वर्षांचे होते व प्रकृती ढासळत चालली होती. तरीही ते मतदारांपुढे उभे राहिले. मतमोजणी झाली तेव्हा राखीव जागेवर भाऊराव बोरकर विजयी झाले. दुसरी जागा अशोक मेहता यांना मिळाली. ज्यांनी राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले होते, त्यांचाच पराभव झाला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतही मुंबईत त्यांना अपयश आले होते.

निवडणुकीत हार झाली, म्हणजे लोकप्रतिनिधीचे कार्य संपले काय? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर डॉ. आंबेडकरांनी निरनिराळ्या सभागृहांत काय केले, हे पाहिले पाहिजे.

१९२७ साली ते मुंबईच्या विधिमंडळाचे सभासद झाले. पुढच्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, गिरण्यांत व कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात विश्रांती व भत्ता मिळावा, असे विधेयक सभागृहापुढे आले. त्या काळी बाळंतपणासाठी घरी राहणाऱ्या मजूर स्त्रीची मजुरी बुडत असे. म्हणून पोटासाठी ती अखेरच्या दिवसापर्यंत यंत्रापुढे उभी राही. हा खर्च कारखानदारांनी का सोसावा, असा आक्षेप घेतला गेला. डॉ. आंबेडकर विधेयकाच्या बाजूने बोलले. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विसावा मिळणे, हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. लोकांचे कल्याण पाहणे हे सरकारचे कर्तव्य असल्याने हा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण जोवर तसे होत नाही, तोवर ज्या मालकाला स्त्रियांच्या श्रमांपासून लाभ होतो, त्याने तो उचलणे अन्यायाचे नाही, असे त्यांनी पटवून दिले. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला.

१९३७ साली ते मुंबई विधानसभेत निवडून आले. विदर्भात जसे मालगुजार, तसे कोकणात खोत असत. सरकार व शेतकरी यांच्यामध्ये हे खोत उभे होते. कुळांकडून ते सारा वसूल करीत आणि पुष्कळ ठिकाणी वेठही घेत. ही खोती नाहीशी करावी, असे विधेयक डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तरीही ते विधेयक संमत झाले नाही. पण सभागृहात एकदा उच्चारलेला प्रश्न पुन्हा दडपता येत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. विदर्भातील मालगुजारीही त्याच सुमारास, १९५० च्या कायद्याने, संपुष्टात आली.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४३ साली त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात खाणींतील स्त्री-कामगारांच्या प्रसूतिभत्त्याच्या कायद्यात सुधारणा सुचविणारे विधेयक मांडले. १९४६ साली कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीत डोक्यावरून घमेली वाहणारी स्त्री कधी सभागृहाची पायरी चढत नाही. तिच्या वतीने तेथे कोणीतरी बोलावे लागते. तेंदूच्या पानांत तंबाखू भरून विड्या वळणाऱ्या जिल्ह्यातील स्त्रियांचेही तसेच. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो १९६६ साली, डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर दहा वर्षांनी. आणि त्यातही प्रसूतीच्या लाभाची तरतूद होती.

आता पुन्हा १९५४ सालाकडे वळू. भंडाऱ्याच्या पराभवानंतर डॉ. आंबेडकर घरी बसले नाहीत. १९५२ पासून ते राज्यसभेचे सभासद होतेच. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली होती. परंतु ती पाळणाऱ्यास शिक्षा कोणती, हे ठरविणारा देशव्यापी कायदा अजून व्हावयाचा होता. त्यासाठीचे ‘अस्पृश्यता (गुन्हे) विधेयक’ सप्टेंबर १९५४ मध्ये राज्यसभेपुढे आले. आपल्याच ध्येयाचे विधेयक, तेव्हा त्यांनी त्याचे नुसते कौतुक केले असते, तर कोणी नवल केले नसते. पण त्यांनी त्याचे कलम न् कलम कसोटीला लावले.

प्रथम त्यांनी विधेयकाच्या नावासच हरकत घेतली. माणसाला नागरिक म्हणून जे हक्क आहेत, त्यांचे रक्षण करणारा हा कायदा असल्याने त्याच्या नावातही नागरी हक्कांच्या संरक्षणाचा उल्लेख असावा, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरी हरकत अधिक गंभीर होती. हा गुन्हा आपसांत मिटविण्याजोगा ठरविण्यात आला होता. ज्याच्यावर अन्याय झाला तो गरीब, आणि ज्याने अन्याय केला तो धनवान. अशा दोघांतील तडजोड खरी तडजोड कशी होणार? थोडेसे पैसे देऊन किंवा धाक घालून दुबळ्याची तक्रार मागे घ्यावयास लावणे सोपे असते, हा धोका त्यांनी सभागृहाच्या ध्यानात आणून दिला.

१९५५ साली तो कायदा झाला, पण जुन्याच नावाने. तडजोडीची तरतूदही तशीच राहिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७६ साली, संसदेने या कायद्यात सुधारणा केली. कायद्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ असे झाले आणि गुन्हा आपसांत मिटविण्याची मुभा काढून टाकण्यात आली. १९५४ च्या सप्टेंबरात मांडलेले म्हणणे अखेर कायद्याच्या पुस्तकात आले. मात्र ते पाहावयास ते मांडणारा उरला नव्हता.

भंडाऱ्याचा शेतकरी हे चटकन ओळखील. धानाचे बी टाकले जाते एका वाफ्यात. पऱ्हे वर आले की रोवणी होते दुसऱ्या बांधीत. आणि कापणीच्या दिवशी पेरणारा तेथे असेलच असे नाही. म्हणून कोणी पेरणी व्यर्थ म्हणत नाही. मतांची मोजणी एका दिवसात होते. लोकहितासाठी अभ्यासपूर्वक उच्चारलेल्या शब्दांची मोजणी व्हावयास कित्येक वर्षे लागतात.

शब्दार्थ
विधेयक – कायद्याचा सभागृहापुढे मांडलेला मसुदा
पोटनिवडणूक – मध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठी घेतलेली निवडणूक
सारा – जमिनीवरील सरकारी कर
वेठ – मोबदला न देता सक्तीने करवून घेतलेले काम
बांधी – धानाचे बांध घातलेले शेत

अभ्यास
१. बाळंतपणाच्या भत्त्याचा भार कोणी उचलावा असे डॉ. आंबेडकरांचे मत होते? त्यासाठी त्यांनी कोणती कारणे दिली?
२. गरीब व धनवान यांच्यातील तडजोड खरी का ठरत नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
३. १९५४ साली सुचविलेल्या कोणत्या दोन गोष्टी १९७६ साली कायद्यात आल्या?
४. ‘पेरणारा’ आणि ‘कापणी’ या शब्दांनी शेवटच्या परिच्छेदात काय सुचविले आहे?
५. तुमच्या गावातील एखादा सार्वजनिक प्रश्न निवडा व तो सभेत मांडण्यासाठी दहा ओळींचे भाषण तयार करा.