गुरुजींचा ल

गावच्या वाचनालयाच्या त्रैमासिकाची साइट ह्यूगोवर बांधून मी गिटहब पेजेसवर चढवली. दुसऱ्याच दिवशी अंकात लिहिणाऱ्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा फोन आला. “अहो, माझ्या लेखातला ल असा कसा? आम्ही मुलांना असा ल कधी गिरवायला दिला नाही.” मी लॅपटॉपवर पाहिलं. ल पाकळीचा, श देठाचा, सगळं जागच्या जागी. गुरुजींचा फोन जुना असेल असं धरून मी विषय सोडून दिला. नजर त्यांची बरोबर होती, चूक माझी होती, आणि ती कळायला पुढचा अंक यावा लागला.

फॉन्ट मी विचार करून निवडला होता: तिरो देवनागरी मराठी. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या ग्रंथमालेसाठी जी अक्षरं घडवली गेली, त्यांच्या घराण्यातला हा फॉन्ट. परवाना खुला, त्यामुळे फाइल आपल्याच साइटवर ठेवता येते. हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी त्याचे वेगवेगळे अवतार आहेत, कारण देवनागरी एक असली तरी वळणं एक नाहीत. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही आहेत. गुरुजींच्या फोनवर मात्र दंडाचा ल आणि शेंडीफोड्या श उमटत होता.

रोमन लिपीत वेबफॉन्ट पोचला नाही तर पानाचं रूप पालटतं आणि ते लगेच डोळ्यांत भरतं. देवनागरीत बिघाड लपून राहतो. विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो असा कुठला तरी फॉन्ट मुकाट्याने जागा भरून काढतो. मजकूर वाचता येतो, म्हणून तक्रार करायला कुणी येत नाही. आमच्याकडे गुरुजी होते, एवढंच.

माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसण्याचं कारण आणखी साधं होतं. सीएसएसमध्ये फॉन्टचा पत्ता देताना मी आधी ‘लोकल’ आणि मग फाइलचा मार्ग लिहिला होता. ‘लोकल’ म्हणजे वाचणाऱ्याच्या यंत्रावर तो फॉन्ट बसवलेला असेल तर तोच घ्या. माझ्याकडे तो बसवलेला होता, त्यामुळे साइटवरची फाइल ब्राउझरने कधी मागितलीच नाही. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी ती मागितली गेली आणि उत्तर आलं ४०४. साइट तपासेपर्यंत ‘लोकल’ काढून टाका. हे आधी केलं असतं तर पहिल्याच दिवशी मला कळलं असतं.

४०४ का आलं? ह्यूगोमध्ये ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये ठेवलेलं सगळं जसंच्या तसं साइटच्या मुळाशी जातं. मी मार्ग तिरक्या रेघेने सुरू केला होता, म्हणजे थेट डोमेनच्या मुळापासून. पण गिटहब पेजेसवर प्रकल्पाची साइट डोमेनच्या मुळाशी नसते, प्रकल्पाच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये असते. घरच्या सर्व्हरवर चालणारा मार्ग तिथे एक पायरी चुकतो. सीएसएसमधला सापेक्ष मार्ग सीएसएसच्या फाइलपासून मोजला जातो, पानापासून नाही. म्हणून दोन टिंबांनी एक पायरी वर जाऊन ‘फॉन्ट्स’मध्ये शिरणारा मार्ग दोन्हीकडे चालतो. ह्यूगोऐवजी जेकिल वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: नावाच्या सुरुवातीला अधोरेखा असलेलं फोल्डर जेकिल आपणहून पुढे पाठवत नाही. आणि विंडोजवर फाइलच्या नावातलं लहान-मोठं रोमन अक्षर सारखंच चालतं, लिनक्सच्या सर्व्हरवर चालत नाही.

खात्री करायला क्रोममध्ये अक्षरावर उजवी टिचकी मारून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. ‘कम्प्युटेड’च्या तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ असतं. तिथे प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टचं नाव दिसतं आणि तो यंत्रावरचा आहे की नेटवर्कवरून आला आहे, हेही.

मार्ग सुधारल्यावर दुसरी गोष्ट दिसली. ह्यूगोच्या नव्या साइटच्या सेटिंगमध्ये भाषा ‘ईएन-यूएस’ अशी आलेली होती, आणि ती मी तशीच राहू दिली होती. काही फॉन्टांत मराठी ल आणि श पोटात असतात, पण पानाची भाषा ‘एमआर’ लिहिली असेल तेव्हाच ते बाहेर येतात. मराठी मजकुरावर इंग्रजीचं लेबल लावलं तर बिचाऱ्या फॉन्टला कळणार कसं? ही एक ओळ आधी बदला.

शीर्षकं चिकटल्यासारखी दिसत होती, तेही फॉन्टामुळेच. तिरोमध्ये साधं आणि तिरपं एवढीच रूपं आहेत. ठळक मागितलं की ब्राउझर स्वतःच रेषा फुगवतो आणि मात्रा, रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळतात. शीर्षकासाठी मुक्तासारखा, खऱ्या ठळक फाइली असलेला फॉन्ट घ्यावा.

फाइल हलकी करण्यासाठी मी नको ती अक्षरं छाटली, तिथेही हात भाजले. देवनागरीचा खंड ०९०० ते ०९७एफ एवढाच ठेवला आणि रुपयाचं चिन्ह गेलं, कारण ते त्या खंडात नाहीच. जोडाक्षरांचे नियमही फॉन्टात वेगळ्या तक्त्यात असतात. छाटणीत तो तक्ता गेला की ‘क्ष’च्या जागी पाय मोडलेला क आणि शेजारी ष दिसतो. त्यापेक्षा वॉफ२ स्वरूपातली पूर्ण फाइल परवडते.

आता प्रत्येक बदलानंतर मी एका चाचणीच्या पानावर ही ओळ ठेवतो: कुशल दुकानदाराने दुसऱ्या क्षेत्रातल्या गिऱ्हाइकाला ₹ ५० परत दिले. ल, श, ऱ्या, क्ष, त्र आणि रुपया, सगळे तीत आहेत. तुम्हीही ती वापरा, आणि आपल्या लॅपटॉपवर न पाहता घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाहा.