एका उपेक्षित तबकडीचा धडा

गाजलेल्या ध्वनिमुद्रिका सर्वांनाच ठाऊक असतात. मला ओढ उपेक्षित तबकड्यांची. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची १९८२ सालची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही त्यांपैकीच एक. तीत रोलँड कंपनीच्या विद्युत्-वाद्यांवर भैरवी, भूपाळी, मालकंस असे दहा राग वाजविले आहेत. तबल्याच्या जागी तालयंत्र! त्या काळी ती फारशी खपली नाही.

प्रथम ऐकताना मीही हसलो. ही रागाची थट्टाच, असे वाटले. पुन्हा ऐकताना मात्र कान स्वरांवर ठेवला. टीबी-३०३ या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. त्यात मला मींडेची अंधुक छाया दिसली.

१९८७ साली शिकागोच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ने याच यंत्राचा नाद गाजविला. म्हणून २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा निघताच युरोपातील रसिक चकित झाले. पण शिकागोकरांनी ती ऐकल्याचा पुरावा नाही. तेव्हा ‘आम्हीच आधी’ ही प्रौढी नको.

चरणजित सिंग २०१५ साली निवर्तले. दाद मिळाली, पण उतारवयात. उपेक्षितांची आरती ओवाळावी असे मी म्हणत नाही. हसून झाल्यावर एकदा पुन्हा ऐकावे, इतकेच.