होऊन जाईल, पण करणार कोण?

ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मुलांना जिमशार्क हे नाव नवीन नाही. व्यायामाचे कपडे ऑनलाईन विकणारी ही कंपनी बेन फ्रान्सिस यानं 2012 मध्ये मित्राच्या साथीनं सुरू केली. तेव्हा तो बर्मिंगहॅमच्या ॲस्टन युनिव्हर्सिटीत शिकत होता आणि संध्याकाळी घरोघरी पिझ्झा पोचवत होता. आईवडिलांच्या गॅरेजमध्ये शिलाई मशीन होतं, शिवायला आजीनं शिकवलं होतं. ऑर्डर आली की कपडा शिवायचा, त्यावर छपाई करायची, पाकिटात घालायचा आणि पोस्टात टाकायचा.

ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. 2015 च्या ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या विक्रीच्या दिवशी, जिमशार्कची वेबसाईट सुमारे आठ तास बंद पडली. बेननं नंतर ग्राहकांना सुमारे 2,500 माफीपत्रं लिहिली, तीही स्वतःच्या हातानं. कौतुक वाटतं ना? मलाही वाटतं. पण त्यानं याहून अवघड काम केलं ते वेगळंच. कंपनी वाढायला लागल्यावर त्यानं सीईओची खुर्ची स्टीव्ह ह्युइट या अनुभवी माणसाकडे दिली आणि स्वतः कंपनीतली दुसरी कामं शिकत राहिला. 2020 मध्ये कंपनीची किंमत एक अब्ज पौंडांच्या वर गेली. 2021 मध्ये बेन पुन्हा सीईओ झाला. स्वतःच्याच कंपनीत दुसऱ्याला ‘तुम्ही ठरवा’ म्हणायला मोठं मन लागतं.

आता एक छोटं दुकान डोळ्यांसमोर आणा. समजा, स्लाव मधली एक ताई आकाशकंदील, पणत्या आणि रांगोळीचे रंग ऑनलाईन विकते. तिच्याकडे चार माणसं आहेत. एकजण वेबसाईटवर फोटो आणि किमती टाकतो, दोघं पॅकिंग करतात, चौथी ग्राहकांच्या मेलना उत्तरं देते. दिवाळीच्या आधी दोन आठवडे ऑर्डरींचा पाऊस पडतो. ताई विचारते, “लेस्टरची पार्सलं गेली का?” उत्तर येतं, “होऊन जाईल.”

या वाक्यात कर्ता कुठे आहे? कुठेच नाही! ‘होऊन जाईल’, ‘बघूया’, ‘करायला हवं’ ही आपली अगदी रोजची वाक्यं. घरात ती चालतात, कारण शेवटी आई करतेच. टीममध्ये मात्र प्रत्येकाला वाटतं की दुसरा करेल आणि पार्सल टेबलावरच राहतं. ‘लेस्टरची बारा पार्सलं मी चारच्या आत कुरियरला देतो’ या वाक्यात माणूस आहे, आकडा आहे, वेळ आहे. रोज सकाळी उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलून अशी वाक्यं ठरवून घ्यावीत. आयटीतले लोक हेच करतात. फक्त दहाची चाळीस मिनिटं होऊ देऊ नयेत, आमच्याकडे तीच खोड आहे.

काम वाटलं तरी निर्णय वाटलेला नसतो. एखाद्या ग्राहकाचा कंदील पोस्टात मोडला. मेल बघणाऱ्या मुलीनं दर वेळी ताईला विचारायचं का? ताई त्या वेळी गोदामात किंवा गाडी चालवत असते. ग्राहक सहा तास थांबतो आणि मग एक स्टार देऊन मोकळा होतो. त्यापेक्षा ‘वीस पौंडांपर्यंत पैसे परत द्यायचे असतील तर तूच ठरव, मला संध्याकाळी सांग’ असं एकदाच सांगून टाकावं. कधीतरी ती पाच पौंड जास्त देईल. देऊ दे.

मुंबईचे डबेवाले हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. 1890 पासून चालत आलेल्या या कामात माणसं छोट्या गटांत विभागलेली असतात. प्रत्येक गटाला एक मुकादम असतो. मुकादम म्हणजे गटाचा प्रमुख. गटाचा हिशोब गटातच राहतो, भांडणं मुकादम मिटवतो आणि कोणी आजारी पडला तर त्याची जागा घ्यायला जादा माणूस तयार असतो. 2003 मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स त्यांना मुंबईत भेटले आणि 2005 मध्ये त्यांच्या लग्नाला दोन डबेवाले इंग्लंडला आले, हेही इथे सांगायला हवं.

ताईच्या दुकानात जादा माणूस नाही. म्हणून पॅकिंग करणाऱ्यांपैकी एकाला मेल बघायलाही शिकवावं, तेही दिवाळीच्या गर्दीत नाही, ऑगस्टमध्येच.

गर्दीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट विसरली जाते. ‘आपण सगळे घरच्यासारखे’ असं म्हणत रात्री दहापर्यंत थांबवून घेतात. घरच्यासारखं वागणं चांगलंच, पण नोकरीचे नियमही आहेत. ब्रिटनमध्ये दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर सलग वीस मिनिटांची सुट्टी द्यावीच लागते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना साडेचार तासांपेक्षा जास्त कामाला तीस मिनिटं मिळतात. पूर्ण वेळ काम करणाऱ्याला वर्षाला 28 दिवसांची पगारी रजा असते. कामाच्या अटी पहिल्या दिवसापासून लेखी द्यायच्या असतात. तुमच्यापैकी कोणी पुढच्या वर्षी शनिवारची नोकरी धरणार असेल, तर हा परिच्छेद आईबाबांनाही वाचून दाखवा.

स्वाध्याय

1. पुढील वाक्यांत कर्ता आणि वेळ घालून ती पुन्हा लिहा: ‘मेल पाठवला जाईल.’ ‘बॉक्स आणायला हवेत.’ ‘बघूया.’

2. ताईनं वीस पौंडांची मर्यादा का ठेवली असेल? तुम्ही किती ठेवली असती?

3. ‘आपण सगळे घरच्यासारखे’ हे वाक्य मालक म्हणतो तेव्हा आणि कामगार म्हणतो तेव्हा अर्थ बदलतो का? वर्गात चर्चा करा.