चित्र, वस्तू आणि शब्द : बालकांच्या कलाशिक्षणाचा एक भारतीय धागा

१

भारतीय भाषांतील बालवाङ्मयाचा अभ्यास आता बराच रुळला आहे. बालगीते, लोककथा, क्रमिक पुस्तके यांची परंपरा निरनिराळ्या भाषांत तपासली गेली आहे. तथापि मूल अक्षर गिरवू लागते त्याच्या पुष्कळ आधी ते भिंतीवर कोळशाने आणि अंगणात काडीने रेघा ओढीत असते, आणि ओढता ओढता त्या रेघांची गोष्टही सांगत असते. शिक्षणव्यवस्थेने ही रेघ आणि ही गोष्ट एकमेकींपासून तोडली. रेघ चित्रकलाशिक्षकाच्या वाट्याला गेली, गोष्ट भाषाशिक्षकाच्या. आणि ज्या वस्तूवरून दोन्ही सुचल्या ती वस्तू काचेच्या कपाटात जाऊन बसली. ही फाळणी भारतीय भाषांच्या अभ्यासकाने आपल्या कक्षेबाहेरची मानू नये, कारण तिचा पहिला आघात मुलाच्या बोलीवर होतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे मांडता येईल : हात, वस्तू आणि मायबोली यांची एकत्र गाठ पडते तेथे बालकाची निर्मितिशक्ती जागी होते. शांतिनिकेतन, सेवाग्राम आणि कोसबाड येथील प्रयोगांनी शाळेपुरते हे दाखवून दिले. आपल्या वस्तुसंग्रहालयांना मात्र त्या प्रयोगांपासून अजून बरेच घ्यावयाचे आहे.

२

महाराष्ट्रातील शालेय चित्रकलेचा विचार मुंबईच्या सर ज. जी. कलाविद्यालयापासून सुरू करावा लागतो. १८५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रारंभीच्या अभ्यासक्रमावर इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीची छाया होती. अचूक रेषा, प्रमाणबद्ध आकृती, नमुन्याची निर्दोष नक्कल या गुणांना तीत मान होता. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांच्या रूपाने या शिस्तीचा अंश गावोगावच्या शाळांत पोहोचला. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द मराठी माध्यमात शिकलेल्या अनेक पिढ्यांच्या ओळखीचे आहेत.

या परीक्षांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. लहान गावातील कित्येक मुलांच्या हाती रंगपेटी आली ती त्यांच्याच निमित्ताने. नक्कल ही गोष्टही सर्वथा त्याज्य नाही. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात कलाविद्यालयाच्या भारतीय विद्यार्थ्यांना सोबत घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि १८९६-९७ मध्ये त्यावरील द्विखंड ग्रंथ प्रसिद्ध केला. लेण्यांतील अंधुक उजेडात एकाच हस्तमुद्रेसमोर दिवसचे दिवस बसणारा विद्यार्थी नक्कल करीत होता हे खरे. पण त्या नकलेत पाहण्याची तपश्चर्या होती. मूळ वस्तू समोर होती आणि तिची जागा बदलता येत नव्हती.

शाळेतील फळ्यावरच्या आंब्याची गोष्ट वेगळी. शिक्षकाने खडूने काढलेला आंबा चाळीस मुले चाळीस वह्यांत उतरवितात, तेव्हा आंबा कोणीच पाहिलेला नसतो. त्याचा वास, देठाजवळचा चीक, एका बाजूचा डाग यांपैकी काहीही वहीत उतरत नाही. या मुलांचे निबंधही असेच साच्यातून निघालेले असावेत, यात नवल नाही. फळ्यावरचा आंबा आणि 'आंबा हा फळांचा राजा आहे' हे वाक्य ही एकाच रोगाची दोन लक्षणे होत.

३

या रोगाचे सर्वांत मर्मभेदी निदान बंगाली साहित्यात झाले. रवींद्रनाथांच्या १९१८ मधील 'तोताकाहिनी' या कथेत गाणाऱ्या, बागडणाऱ्या पाखराला शहाणे करण्यासाठी सोन्याचा पिंजरा घडविला जातो आणि त्याच्या चोचीत पोथ्यांची पाने कोंबली जातात. पाखरू मरते आणि त्याच्या पोटात कागद तेवढे सळसळतात. तथापि रवींद्रनाथ उपरोधावर थांबले नाहीत. १९०१ साली त्यांनी शांतिनिकेतनात विद्यालय सुरू केले होते. १९१९ मध्ये कलाभवनाची स्थापना झाली. आश्रमातील ऋतूंचे उत्सव, अल्पना, नाट्य आणि वर्गातील पाठ हे एकाच दिनक्रमाचे भाग झाले.

अभ्यासकांच्या दृष्टीने या काळातील एक छोटे पुस्तक फार बोलके आहे. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या 'सहज पाठ' या बंगाली प्राथमिक वाचनपुस्तकाला नंदलाल बसू यांची चित्रे आहेत. अक्षर, लय आणि काळ्या-पांढऱ्या आकृती यांची त्यात अशी सांगड आहे की चित्र शब्दाचे केवळ स्पष्टीकरण करीत राहत नाही. वाचायला शिकणारे मूल त्याच वेळी पाहायलाही शिकते. भारतीय भाषांतील अंकलिपी आणि बालपुस्तके यांचा तौलनिक अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आरंभ येथूनच करावा.

नंदलालांनी शिक्षणातील कलेच्या स्थानाविषयी स्वतंत्र निबंधही लिहिला. सौंदर्यबुद्धी ही श्रीमंतीची बटीक नाही, हे पटविण्यासाठी त्यांनी संथाळाच्या नीटनेटक्या मातीच्या घराची तुलना सुखवस्तू महाविद्यालयीन तरुणाच्या अस्ताव्यस्त खोलीशी केली. त्यांनी सुचविलेले उपायही व्यवहार्य होते. शाळेत चांगल्या चित्रांच्या, शिल्पांच्या प्रतिकृती असाव्यात. जाणत्या शिक्षकाबरोबर मुलांनी अधूनमधून संग्रहालये व प्राचीन वास्तू पाहाव्यात. ऋतूंशी त्यांचा परिचय घडावा. आणि वर्षातून एकदा प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलेले काहीतरी आणावे, मग ते कितीही साधे असो. या योजनेत संग्रहालयाची भेट निसर्गदर्शन आणि हातकाम यांच्या पंक्तीला बसते. सहलीच्या वाटेवरील एक थांबा एवढेच तिचे स्वरूप उरत नाही.

४

शांतिनिकेतनातील हा विचार वऱ्हाडच्या शेजारी, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामी कसा आला, हे भारतीय शिक्षणेतिहासातील एक महत्त्वाचे स्थलांतर होय. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि नई तालीमची रूपरेषा पुढे आली. झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात हस्तोद्योग आणि मातृभाषा यांच्याबरोबर चित्रकला व संगीत यांनाही स्थान होते. हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम ज्यांनी वाहिले ते आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातूनच आले होते. १९४४ साली कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद (१९२१-२०११) सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून दाखल झाले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले.

टागोर आणि गांधी यांच्या शिक्षणविचारांत अंतर दाखविण्याची प्रथा आहे : एकाकडे उत्सव, दुसऱ्याकडे उद्योग, एकाकडे आनंद, दुसऱ्याकडे उपयुक्तता. देवीप्रसाद स्वतः कुंभकाम करणारे असल्याने त्यांच्या ठायी हे अंतर टिकणे शक्य नव्हते. चाकावरचे मडके उपयोगाचे असते आणि त्याच्या काठाचा वळसा आनंदाचा असतो. त्यांतला कोणता भाग कला आणि कोणता उद्योग, असे चाकावर बसलेल्याला विचारण्यात अर्थ नसतो. बालचित्र ही मुलाची भाषा आहे, तिला प्रौढांचे व्याकरण लावू नये, आणि कला हा शिक्षणाचा एक विषय नसून त्याचा पाया आहे, ही त्यांची भूमिका होती. सेवाग्रामच्या अनुभवावर त्यांनी हिंदीत लिहिले आणि पुढे १९९८ मध्ये 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' हा त्यांचा ग्रंथ नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला. हर्बर्ट रीड यांच्या १९४३ मधील 'एज्युकेशन थ्रू आर्ट' या ग्रंथाशी त्याचे नाते सहज जाणवते. परंतु रीड यांचा विचार मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांवर उभा आहे, तर देवीप्रसादांच्या विचाराखाली माती, सूत आणि शेत आहे.

५

तिसरे ठिकाण कोसबाड. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने तो डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेला. माँटेसोरींची महागडी साधने वारली पाड्यावर परवडणारी नव्हती. शंखशिंपले, बिया, गोटे, पाने यांनी त्यांची जागा घेतली. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही मुले ज्या घरांतून येत, त्या घरांच्या भिंतींवर लग्नप्रसंगी सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. तो चौक 'लिहिला' जातो. चित्र आणि लेखन यांची फाळणी तेथे झालेलीच नव्हती. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांच्यामुळे वारली चित्र कागदावर आले, देशोदेशी गेले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्या कीर्तीची एक विपरीत परिणतीही झाली. शहरी शाळांतून 'वारली नमुना' उतरविण्याचा परिपाठ सुरू झाला. त्रिकोणी धडांची माणसे एका ओळीत काढली की लोककला शिकविली, असे समाधान मिळू लागले. फळ्यावरचा आंबा अशा रीतीने वेष पालटून परत आला. कोसबाडचा धडा याच्या उलट आहे : मुलाला दुसऱ्याच्या अंगणातला नमुना देण्यापूर्वी त्याच्या स्वतःच्या अंगणातले साहित्य त्याच्या हाती द्यावे.

६

आता संग्रहालयाकडे वळता येईल. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय विशेष जवळचे वाटावे, कारण त्याचा निर्माता कवी होता. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी आपल्या बालवयात मृत्यू पावलेल्या मुलाचे, राजाचे, नाव या संग्रहाला दिले. १९७५ साली त्यांनी तो शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या रत्नांपेक्षा येथे घरगुती वस्तूंचा मान मोठा आहे : दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, वाद्ये, वाड्यांचे कोरीव दरवाजे. एका मुलाच्या स्मरणार्थ उभा राहिलेला हा वस्तुसंसार मुलांच्या हाती, निदान त्यांच्या जिभेवर, कसा यावा, हा प्रश्न येथे अगदी स्वाभाविक आहे.

अडकित्त्याचेच उदाहरण घेऊ. संग्रहालयांतील पाट्यांची सर्वसाधारण रीत पाहिली तर धातू, काळ आणि प्रदेश एवढी माहिती मिळते. ती आवश्यक आहे, परंतु तिच्यात वस्तूचा आवाज नाही. सुपारी कातरताना होणारा 'कट्' असा आवाज, आजीच्या चंचीची गाठ, घरी येणाऱ्या पाहुण्यापुढे सरकविलेले तबक हे सारे वस्तूच्या नावात साठलेले असते. हे नाव किती दूरचा प्रवास करून आले आहे, हेही मुलाला सांगण्याजोगे आहे. कन्नडमध्ये 'अडके' म्हणजे सुपारी आणि 'कत्ति' म्हणजे सुरी. मराठी 'अडकित्त्या'चे या शब्दांशी असलेले नाते कानालाच ओळखू येते. तमिळमधील 'पाक्कुवेट्टि'ची घडणही तशीच, सुपारी आणि कापणे या दोन शब्दांची. गुजराती 'सूडी', हिंदी 'सरौता', बंगाली 'जाँती' यांच्या वाटा निराळ्या. एका कपाटातील एका लहानशा वस्तूभोवती अशी भारतीय भाषांची सभा भरते. वर्गात भिन्न मातृभाषांची मुले असतील तर ती भरविण्यास शिक्षकाला फारसे सायासही पडत नाहीत.

यावरून संग्रहालयातील पाठाचा एक क्रम सुचविता येतो. एका भेटीत एकच वस्तू निवडावी. पहिली काही मिनिटे मुलांनी केवळ पाहावे. पेन्सिल पिशवीतच राहावी. मग प्रत्येकाने त्या वस्तूचे घरातले नाव सांगावे. घरात ती नसेल तर तेच काम करणाऱ्या वस्तूचे. त्यानंतर वस्तूकडे पाठ करून स्मरणाने चित्र काढावे आणि पुन्हा वळून काय निसटले ते शोधावे. परीक्षेतील 'स्मरणचित्र' या प्रकाराला येथे त्याचा खरा अर्थ लाभतो. शाळेत परतल्यावर मातीत ती वस्तू घडवावी. संग्रहालयाची पाटी मुलांनी सर्वांत शेवटी वाचावी आणि तिच्याशेजारी लावता येईल अशी स्वतःची पाटी आपल्या बोलीत लिहावी. या पाट्यांत काळाच्या चुका होतील. त्या शिक्षकाने दुरुस्त कराव्यात. बोलीचे शब्द मात्र तसेच ठेवावेत.

७

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. मुलांना मोकळीक दिली की कौशल्य मागे पडते, हा पहिला. नंदलाल किंवा देवीप्रसाद यांच्या परंपरेत मोकळीक म्हणजे सैलपणा असा अर्थ कधीच नव्हता. माती मळताना, सूत कातताना वस्तू स्वतःच शिस्त लावते, आणि ती शिस्त शिक्षकाच्या छडीपेक्षा कडक असते. दुसरा आक्षेप साधनांच्या तुटवड्याचा. त्याचे उत्तर कोसबाडच्या शिंपल्यांनी पूर्वीच दिले आहे.

वातावरण आज काही अंशी अनुकूल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कलासमन्वित अध्ययनाचा पुरस्कार केला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरते संग्रहालय बसमधून शाळांच्या दारी नेले आणि २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. तथापि 'समन्वय' या शब्दाचा अर्थ गणिताच्या पुस्तकात फुलांची चित्रे रंगविणे एवढाच घेतला गेला, तर पिंजरा सोन्याचा होईल आणि पाखरू पूर्वीसारखेच मुके राहील.

येथे पणाला लागलेली गोष्ट चित्रकलेच्या तासापुरती नाही. घरातली वस्तू वापरातून जाते तेव्हा तिचे नाव एका पिढीत जाते. नाव गेले की त्याभोवतीचे वाक्प्रचार, उखाणे, गोष्टी यांना अर्थ उरत नाही. अडकित्ता न पाहिलेल्या मुलाला अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीची अवस्था टीपेवाचून कळणार नाही. भारतीय भाषांतील जुने वाङ्मय उद्याच्या वाचकाला जिवंत लागावे अशी इच्छा असेल, तर त्या वाचकाचे डोळे आणि हात आजच तयार व्हावयास हवेत. त्यासाठी भाषाशिक्षक, कलाशिक्षक आणि संग्रहपाल या तिघांनी आपापली कपाटे उघडून एकत्र बसणे हाच पहिला पाठ होय.