आधी वॅट बांधा, मग अंश मोजा

प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन तिथेच अडकला की बहुतेकांचा पहिला हात थर्मल पेस्टकडे जातो. मीही पेस्ट बदलली, पंखा बदलला, तरी आकडा ९५ च राहिला. तो का राहिला हे कळल्यावर पुढचे सगळे सोपे झाले, म्हणून तेच आधी सांगतो.

माझा प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स, मदरबोर्ड १७ सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स. कॅबिनेट लहान, त्यामुळे हीटसिंकही बुटकाच घ्यावा लागला. हा प्रोसेसर कागदावर १०५ वॅटचा. पूर्ण भार आला की १४२ वॅटपर्यंत ओढतो आणि ९५ अंशांना टेकेपर्यंत वेग वाढवत राहतो. एएमडीने तो घडवलाच तसा आहे. गारवा थोडा वाढवला की तो गारवा प्रोसेसर वेगात खर्च करतो आणि आकडा जिथल्या तिथे दिसतो. चिप जळेल ही भीती मनातून काढा, मर्यादेला पोचली की ती आपणहून वेग उतरवते. पण अडकलेल्या आकड्यावरून कोणता उपाय लागू पडला हे मात्र कधीच कळत नाही.

म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन ६५ वॅटचा इको मोड लावा. मग प्रत्यक्ष ओढ ८८ वॅटवर थांबते. माझे व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला आता थोडा जास्त वेळ लागतो, पण लहान कॅबिनेटसाठी मी हा सौदा कोणालाही सुचवेन. आकडा मर्यादेखाली उतरतो आणि प्रत्येक बदलाचा परिणाम अंशांत दिसू लागतो.

खोलीत साधा थर्मामीटर ठेवा. आमच्या नागपुरात जानेवारीतले माप मे महिन्यात काही कामाचे नाही, म्हणून प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे वजा करून फक्त फरक लिहून ठेवा.

आता एकच भार दोनदा चालवा, एकदा कॅबिनेट बंद ठेवून आणि एकदा बाजूचा पत्रा काढून. माझ्याकडे पत्रा काढताच फरक चांगलाच घसरला. म्हणजे पेस्टचा दोष नव्हताच. पंखा आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून हीटसिंकचीच गरम हवा पंखा पुन्हा आत ओढत होता. पंख्याच्या कडेने पत्र्याला टेकेल एवढी फोमची चौकट कापून बसवली आणि ती वाट बुजवली. आता पंखा जाळीतून फक्त बाहेरची हवा घेतो.

या चाचणीतून कारण नीट कळले नाही, तर आकडा कसा चढतो ते पाहा. भार देताच दोन-चार सेकंदांत उसळला तर हीटसिंक नीट टेकलेला नाही. तो उतरवा, खालची प्लॅस्टिकची फिल्म राहून गेली का बघा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढला तर आत हवा कोंडते आहे: पंख्यांच्या दिशा आणि जाळीतली धूळ तपासा. उन्हाळ्यात डेझर्ट कूलरचा ओला झोत मात्र थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

ब्राउझर उघडताच आकडा क्षणभर दहा-पंधरा अंश उडी मारतो, ते या चिपचे नेहमीचेच. त्यासाठी बायोसमध्ये पंख्याला काही सेकंदांचा उशीर द्या, म्हणजे तो दर क्लिकला घोंघावणार नाही.