ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोनची निवड

अल्पप्राण व महाप्राण व्यंजनांतील भेद आपण अभ्यासला आहे. पॉडकास्टसाठी स्वस्त यूएसबी मायक्रोफोन घेताना तो उपयोगी पडतो. ‘फळ’, ‘भाकरी’ यांसारख्या उच्चारांतील श्वासाचा झोत थेट माइकवर आदळला, की शब्दाऐवजी धक्काच ऐकू येतो. म्हणून माइक ओठांसमोर न धरता किंचित बाजूला ठेवावा, फोमचे आवरण घालावे. घरात पंखा आणि कुकरच्या शिट्ट्या असणारच. तेथे संवेदनशील कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक माइक बरा. तो तोंडाजवळ, वीतभराच्या आत हवा. अंतर निम्मे केल्यास आपला आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीतील गोंगाट मात्र तेवढाच राहतो. हेडफोन जोडण्याची सोय असल्यास थोडे अधिक पैसे जरूर द्यावेत. १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीसाठी मुळीच देऊ नयेत. भाषणासाठी ४८ पुरेसे आहेत.